त्याना मांगे कोन शे?

२१ मे २०२५ ची संध्याकाळ. धुळ्यात 'गुलमोहर' या शासकीय विश्रामगृहात १०२ क्रमांकाच्या खोलीला कुलूप होते आणि दाराबाहेर माजी आमदार अनिल गोटे ठाण मांडून बसले होते. विधिमंडळाची अंदाज समिती तेव्हा धुळ्याच्या दौऱ्यावर आली होती. सरकारी पैसा नीट खर्च होतो की नाही हे पाहणे हे या समितीचे काम. त्याच समितीच्या सदस्यांना वाटण्यासाठी या खोलीत कोट्यवधींची रोकड आणून ठेवली आहे, असा गोटे यांचा आरोप होता. रात्री उशिरा खोली उघडली गेली आणि आत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये निघाले. खोली समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांच्या स्वीय सहायकाच्या नावावर होती. या पैशांशी आपला काही संबंध नाही, असे खोतकरांनी सांगितले. सरकारने विशेष तपास पथकाची घोषणा केली.

पैसे कोणाचे, हा प्रश्न तर झालाच. पण खान्देशात अशा वेळी त्याच्याइतकाच, कधी त्याच्याही आधी, दुसरा एक प्रश्न विचारला जातो. अहिराणीत तो फार नेमका आहे : 'त्याना मांगे कोन शे?' म्हणजे ज्याने हे बाहेर काढले त्याला पुढे कोणी केले, त्याचा यात काय डाव आहे, त्याचा जुना हिशेब कोणाशी आहे. गोटे यांच्याबाबतीत तर या प्रश्नाला भरपूर खाद्य होते. तेलगी मुद्रांक प्रकरणात त्यांना अटक झाली होती, तुरुंगवासानंतर ते धुळ्यातून पुन्हा निवडूनही आले होते, आणि जिल्ह्यात असा एकही मोठा पुढारी नसेल ज्याच्याशी त्यांचे कधी ना कधी वाजले नाही. पण खोलीतल्या नोटांचा या इतिहासाशी काय संबंध? आरोप करणारा साधू असता तरी त्या तेवढ्याच भरल्या असत्या.

आणखी एक गोष्ट या गदारोळात बाजूला राहिली. विश्रामगृहात इतक्या खोल्या असताना नेमकी १०२ हीच, हे बाहेरच्या माणसाला आपोआप कळत नाही. कोणीतरी आतून सांगितलेच असणार. ज्याला इंग्रजी जगात व्हिसलब्लोअर म्हणतात आणि आपण हल्ली जागल्या म्हणू लागलो आहोत, तो खरा हा अनाम माणूस. त्याने नाव झाकून ठेवले हे शहाणपणाचे केले. ते का, हे समजायला धुळ्याहून जळगावला यावे लागते.

जळगावचे घरकुल प्रकरण महाराष्ट्राला माहीत आहे ते निकालामुळे. त्यातल्या कागदांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. झोपडपट्टीत राहणाऱ्यांना पक्की घरे द्यायची अशी ही योजना नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात, जळगावला अजून नगरपालिका असताना सुरू झाली. कर्ज हुडकोचे. बांधायची होती ११ हजारांहून अधिक घरे, पूर्ण झाली जेमतेम १,५०० च्या आसपास. पिंप्राळ्याच्या बाजूला या कामाचे अर्धवट सांगाडे लोक वर्षानुवर्षे येता-जाता पाहत होते. म्हणजे घोटाळा गुप्त होता असे म्हणायचे तर तो भर रस्त्यात, उन्हात उभा होता. गुप्त होते ते फाइलीत : ज्या जागांवर घरे बांधायची त्यातल्या काही पालिकेच्या नावावरच नसणे, बिनशेती परवानगी नसणे, एकाच ठेकेदाराच्या पदरात सगळे काम पडणे, आणि त्या ठेकेदाराला कोट्यवधींची बिनव्याजी उचल देणे.

ही 'उचल' समजून घेण्यासारखी आहे, कारण अशा प्रकरणांतला जीव बहुधा अशाच एखाद्या ओळीत असतो. ठेकेदाराला माणसे, यंत्रे, सामान जमवता यावे म्हणून काम सुरू होण्याआधी काही रक्कम देतात. तिला मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स म्हणतात आणि ती देण्यात मुळात गैर काही नाही. नंतरच्या बिलांतून ती हप्त्याहप्त्याने कापून घ्यायची असते. पण काम पुढे सरकलेच नाही तर बिले होत नाहीत, बिले नाहीत तर कपात नाही, आणि पालिका ज्या पैशावर हुडकोला व्याज भरते आहे तोच पैसा ठेकेदाराकडे बिनव्याजी पडून राहतो. ठराव रीतसर, सह्या रीतसर, खाली शिक्का. बाहेरच्या माणसाला हे दिसणार कसे? ते दिसते फक्त लेखा विभागातल्या कारकुनाला, लेखापरीक्षकाला, आणि फाइल शेवटपर्यंत वाचणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याला.

असा अधिकारी जळगावला मिळाला. महापालिकेचे आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी ३ फेब्रुवारी २००६ रोजी शहर पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. ज्या संस्थेचे आपण प्रमुख, तिच्याच कारभाराविरुद्ध, तिच्याच कागदांच्या आधारे. शहराचे सर्वेसर्वा तेव्हा सुरेशदादा जैन होते, आणि त्यांच्या वर्चस्वाला आव्हान देणे म्हणजे काय हे जळगावबाहेरच्या वाचकाला सांगून कळणार नाही. १९८० पासून ते सतत आमदार होते, पक्ष बदलले तरी. पालिका त्यांच्या शब्दावर चाले. जळगावची सतरा मजली पालिका इमारत, व्यापारी संकुले, रुंद रस्ते हे सगळे लोक त्यांच्याच नावावर जमा करीत.

फिर्यादीनंतर काय झाले? सहा वर्षे जवळपास काहीच नाही. २००९ ची विधानसभा निवडणूक जैन यांनी शिवसेनेकडून लढवली आणि जिंकली. घरकुल प्रकरणातले दुसरे बडे नाव, गुलाबराव देवकर, त्याच निवडणुकीत जळगाव ग्रामीणमधून राष्ट्रवादीकडून निवडून आले आणि राज्यमंत्री झाले. मार्च २०१२ मध्ये तरुण आयपीएस अधिकारी इशू सिंधू यांच्या तपासात जैन यांना अटक झाली, मे महिन्यात देवकर यांना. सप्टेंबर २०१३ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा जैन तुरुंगात होते. तरीही त्यांची खान्देश विकास आघाडी सर्वांत मोठा गट म्हणून निवडून आली.

जळगावकरांना फिर्याद माहीत नव्हती म्हणून असे झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही. मग लोक भ्रष्टाचाराला मत देतात का? हा निष्कर्ष मला फार सोपा आणि थोडा उद्धट वाटतो. आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येते : 'खातो, पण करतो.' या वाक्यात मतदाराचा हिशेब पूर्ण आहे. सतरा मजले दिसतात. बिनव्याजी उचलीचे व्याज दिसत नाही. हुडकोच्या कर्जाने पुढे पालिकेचे कंबरडे मोडले, रस्त्यांना आणि गटारांना पैसा उरेना, तेव्हा लोकांनी खड्ड्यांना शिव्या घातल्या. खड्ड्यापासून उचलीपर्यंतचा धागा जोडून दाखवणारे फार थोडे होते. पुरावा मांडणे आणि तो लोकांच्या रोजच्या जगण्याशी जोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. अधिकारी पहिले करतो, दुसरे करायला वर्तमानपत्रे आणि विरोधी पक्ष हवेत, आणि जळगावात विरोधी पक्ष बराच काळ नावापुरता होता.

निकाल लागला धुळ्यात. खटला तिथल्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायाधीश सृष्टी नीळकंठ यांनी ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना ७ वर्षे आणि १०० कोटी रुपये दंड, देवकर यांना ५ वर्षे. शिक्षा झालेल्यांत आजी-माजी नगरसेवकांची रांग होती. शिक्षेला आव्हान देणारी अपिले उच्च न्यायालयात गेली. फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे. तोपर्यंत शहराने आपला निर्णय वेगळ्याच वाटेने घेऊन टाकला होता : २०१४ मध्ये तुरुंगातून निवडणूक लढवणारे जैन भाजपच्या सुरेश भोळे यांच्याकडून हरले, आणि २०१८ मध्ये महापालिकेच्या ७५ पैकी ५७ जागा भाजपने जिंकल्या. हा घरकुलाचा कौल होता की मोदी लाटेचा आणि भाजपचे नेते गिरीश महाजन यांच्या बेरजेचा, हे कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. माझ्या मते दुसऱ्याचा वाटा मोठा.

बाहेरचे लोक आणि आतले लोक जागल्याकडे एकाच नजरेने पाहत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले आहे. बेन्वा मोनँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना एका घरफोडीतले तीन संशयित दाखवले आणि चोर निवडायला सांगितले. पुरावा असा रचला होता की बोट कृष्णवर्णीय संशयिताकडेच जावे. बहुतेकांनी निमूटपणे त्याला निवडले. नंतर त्यांना दुसऱ्या एकाचे उत्तर दाखवले. त्याने हे काम वर्णद्वेषी आहे म्हणून निवड करायलाच नकार दिला होता. ज्यांनी स्वतः निवड केली नव्हती, जे फक्त वाचत होते, त्यांना हा नकार देणारा आवडला. ज्यांनी आधीच बोट दाखवले होते त्यांना तो नकोसा वाटला. तो माणूस तोच, त्याची कृती तीच. फरक एवढाच की त्याच्या नकारामुळे दुसऱ्या गटाची स्वतःची गुपचूप संमती उघडी पडत होती.

हे कोणत्याही सरकारी कार्यालयाला लावून पाहा. एका टिपणीवर सहा सह्या असतात. त्यातल्या एकाने बोलायचे ठरवले की उरलेल्या पाचांना पहिल्यांदा राग येतो तो त्याचा. पैसे खाणारा कदाचित एकच असतो. बाकीचे 'साहेबांनी सांगितले म्हणून' सही करणारे, चांगले, मुलाबाळांचे लोक. म्हणूनच जागल्याला सर्वांत जास्त त्रास खलनायकाकडून होतो असे नाही. शेजारच्या टेबलावरचा भला माणूस त्याच्याशी बोलणे बंद करतो, डबा वेगळा खातो. 'आपले काय करनं शे?' हा सल्लाही बहुतेक वेळा मायेने दिलेला असतो.

आरोप करणाऱ्यावरच उलटा आरोप करणे हा तर हुकमी उपाय, आणि तो नेहमी पोकळच असतो असेही नाही. २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी राज्यातल्या चार मंत्र्यांवर आरोप केले. सुरेशदादा जैन, नवाब मलिक, पद्मसिंह पाटील आणि नंदुरबारचे विजयकुमार गावित. चारांपैकी दोन खान्देशचे. जैन यांनी उलट हजारे यांच्या संस्थांच्या कारभारावर बोट ठेवले. न्या. पी. बी. सावंत आयोगाने दोन्ही बाजू तपासल्या. २००५ च्या अहवालात जैन, मलिक आणि पाटील यांच्यावर ठपका आला, जैन आणि मलिक यांनी मंत्रिपदाचे राजीनामे दिले. पण त्याच अहवालात हजारे यांच्या हिंद स्वराज ट्रस्टने त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर केलेला सुमारे २ लाख २० हजारांचा खर्चही गैर ठरवला होता. समर्थकांनी आपापल्या सोयीचा अर्धा अहवाल उचलला. मंत्र्यांवरचे ठपके आणि २ लाखांचा समारंभ एकाच तराजूत टाकून 'सगळे सारखेच' असे म्हणणे किती सोपे असते, हे तेव्हा दिसले.

पाण्याच्या बाबतीत हीच कथा राज्याच्या पातळीवर घडली. नाशिकच्या 'मेरी' या संस्थेत मुख्य अभियंता असलेल्या विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराबद्दल राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना सविस्तर पत्र लिहिले. उपसा योजना जवळपास सगळ्या निकामी ठरल्या आहेत, हा त्यातला सर्वांत झोंबणारा मुद्दा. पत्र सप्टेंबरात वर्तमानपत्रांपर्यंत पोचले आणि २५ सप्टेंबरला उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात ते पुन्हा पदावर आले. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय जळगावातच आहे. अमळनेरजवळचा पाडळसरे प्रकल्प नव्वदीच्या दशकात मंजूर होऊन पाव शतक रखडलेला पाहिलेल्या शेतकऱ्याला पांढरे काय म्हणतात हे वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती.

विरोधी पक्षांनी या पत्राला डोक्यावर घेतले. सिंचनाची चौकशी करणाऱ्या चितळे समितीपुढे बैलगाडीभर पुरावे नेण्याचा भाजपचा कार्यक्रम अजून लोकांच्या लक्षात असेल. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, २०१४ मध्ये नाशिकमधून आम आदमी पक्षातर्फे लोकसभा लढवली आणि हरले. २०१९ च्या नोव्हेंबरात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी भल्या सकाळी शपथ घेतली, आणि दोनच दिवसांनी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सिंचनाच्या नऊ चौकशा बंद केल्या. त्यांचा पवारांशी संबंध नव्हता, असे विभागाने सांगितले. बैलगाडीचे काय झाले, असे विचारायला तेव्हा कोणाला फुरसत नव्हती.

मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे २०१२ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, सरकारच्या फायली फडकवणाऱ्यांत आघाडीवर. जून २०१६ मध्ये भोसरीच्या भूखंडाच्या आरोपावरून त्यांनाच मंत्रिपद सोडावे लागले. त्यांनी आरोप नाकारले. त्यांच्या गावाकडे चर्चा भूखंडापेक्षा 'नाथाभाऊंचा काटा कोणी काढला' याचीच जास्त झाली. कार्यकर्त्यांना हा प्रश्न पडावा यात नवल नाही. नवल हे की ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही तो चहाच्या टपरीवरचा माणूसही तोच प्रश्न विचारतो.

हे आपल्याच मातीचे दुखणे आहे असे समजू नये. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकी सरकार लोकांच्या फोन आणि इंटरनेटवर कशी पाळत ठेवते याचे कागद जगापुढे टाकले. त्याच महिन्यात प्यू संशोधन केंद्राने लोकांना विचारले, तेव्हा ४९ टक्के म्हणाले की ही माहिती बाहेर आली हे जनहिताचेच झाले. आणि ५४ टक्के म्हणाले की स्नोडेनवर खटला भरला पाहिजे. बेरीज करून पाहा : दोन्ही उत्तरे एकाच वेळी देणारे काही लोक त्यात असलेच पाहिजेत. माहिती हवी, ती देणारा नको. कागद घ्यायचा आणि तो आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे.

मात्र स्नोडेनच्या कागदांत निदान हेरगिरीचे डावपेच होते. आपल्याकडे ज्याला 'सरकारी गुपित' म्हणून जपतात ते बहुधा उचलीची नोंद, जमिनीचा उतारा, मोजमापवही असे असते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा इंग्रजांनी केला तो साम्राज्याच्या रक्षणासाठी, पण त्याने लावलेली सवय तालुक्याच्या कचेरीपर्यंत झिरपली. २००६ मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तो रद्द करण्याची शिफारस केली, तो अजून आहे. उलट माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार यातले बरेच काही कोणी न मागता जाहीर व्हायला हवे. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, २००२ मध्ये हा अधिकार आणला. पण आज जळगावात वा धुळ्यात 'त्याने माहिती अधिकार टाकला' असे म्हणताच समोरचा डोळे मिचकावून विचारतो, 'किती मागतोय?' तोडपाणी करणाऱ्यांनी हे नाव बदनाम केले, हे खरेच आहे. पण त्या बदनामीचा सर्वाधिक फायदा ज्यांची फाइल मागितली जाते त्यांना झाला, हेही तितकेच खरे.

मेल्यावर मात्र मतभेद संपतात. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले, तेव्हा सारे राज्य हळहळले आणि लाखो सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर उतरले. त्याच्या एक वर्ष आधी, १३ जानेवारी २०१० रोजी, तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारा हा माणूस. जिवंतपणी अशा माणसाला भानगडखोर म्हणायला कोणी मागेपुढे पाहत नाही. 'त्याना मांगे कोन शे' हे त्यांच्या प्रेतयात्रेत कोणी विचारले नाही.

गेडाम यांच्या बाबतीत गोष्ट वेगळी झाली, हे इथे नोंदवलेच पाहिजे. ते सेवेत राहिले, सोलापूरला जिल्हाधिकारी, नाशिकला महापालिका आयुक्त झाले, आणि २०२४ मध्ये नाशिकचे विभागीय आयुक्त म्हणून आले. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे याच विभागात येतात. पण ते आयएएस अधिकारी होते. फिर्याद देण्याचा अधिकार त्यांच्या खुर्चीतच होता आणि त्या खुर्चीला घटनेचे संरक्षण होते. लेखा विभागातल्या कारकुनाकडे यातले काय आहे?

त्याच्यासाठी कायदा केलेला आहे. २००३ मध्ये बिहारमध्ये महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा खून झाला. त्यांनी आपले नाव गुप्त ठेवा असे कळवले होते आणि ते फुटले. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. २०१४ मध्ये संसदेने व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा संमत केला. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात आहे. त्याच कायद्यात निनावी तक्रार न घेण्याचे आणि खोडसाळ तक्रारीला २ वर्षांपर्यंत शिक्षा करण्याचेही कलम आहे, म्हणजे नाव द्यायचे आणि जोखीमही घ्यायची. तरी एवढे तरी पदरात पडले असते. राष्ट्रपतींची सही मे २०१४ मध्येच झाली, पण कायदा लागू झाल्याची अधिसूचना सरकारने काढलेलीच नाही. उरतो २००४ चा ठराव, आणि तो केंद्र सरकार व केंद्राच्या संस्थांपुरता आहे. जळगाव किंवा धुळे महापालिकेतला कारकून त्यात बसत नाही.